सगळ्यात वर: चेंडूपासून चंद्रापर्यंत

(दृश्य: टिळक रोडवरचं स. प. महाविद्यालयाचं मैदान. बॅटची कड घेऊन चेंडू सरळ वर.)

चेंडू वर चाललाय. दर सेकंदाला त्याचा वेग सेकंदाला ९.८ मीटरनं घटतोय. आणि आता तो पोहोचला परमोच्च बिंदूला. इथे वेग शून्य, पण गुरुत्व त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, तेच, ९.८. दहावीच्या वर्गात घोटाळा होतो तो नेमका इथे. वेग नाही म्हणजे त्वरणही नाही, असं मुलांना वाटतं. त्वरण खरंच संपलं असतं, तर चेंडू खाली आलाच नसता!

फटका तिरका असेल, तर आडवा वेग वरसुद्धा शिल्लक राहतो. हवेचा अडथळा सोडला तर ती वाट अन्वस्ताची, म्हणजे पॅराबोलाची. गणिताच्या वहीत हाच बिंदू मग शिरोबिंदू होतो.

(दृश्य: चांद्रयान-३ चं उड्डाण, १४ जुलै २०२३.)

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानासाठी शब्द वेगळा: अपभू, म्हणजे कक्षेचं पृथ्वीपासून सर्वांत लांबचं टोक. चांद्रयानाच्या पहिल्या कक्षेत जवळचं टोक, म्हणजे उपभू, सुमारे १७० किलोमीटरवर होतं आणि अपभू सुमारे ३६,५०० किलोमीटरवर. उपभूपाशी यान सेकंदाला १० किलोमीटरहून अधिक वेगानं धावत होतं, अपभूपाशी जेमतेम दीड. मंदावलं, पण थांबलं नाही.

खस्वस्तिक या गोतावळ्यातलं नाही. तो पाहणाऱ्याच्या थेट डोक्यावरचा बिंदू. पुण्यात उभ्या माणसाचा वेगळा, नागपुरातल्याचा वेगळा.

(दृश्य: जुन्या ग्रंथाची पानं.)

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो आपल्याकडचा जुना शब्द, मंदोच्च. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली पुण्यात प्रसिद्ध केलेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त तो भेटतो. चंद्र तिथे पृथ्वीपासून सर्वांत लांब असतो आणि सर्वांत हळू चालतो. दोन्ही गोष्टी नावातच आल्या.

त्याहून थक्क करतो तो आर्यभटाचा आकडा. चंद्राचं हे उच्चसुद्धा आकाशात सरकत राहतं, हे त्याच्या गणितात आहे: ४३,२०,००० वर्षांत ४,८८,२१९ फेऱ्या. भागाकार करून पाहा. एक फेरी ८.८५ वर्षांची. आधुनिक खगोलशास्त्रही चंद्राच्या अपभूच्या फेरीला ८.८५ वर्षंच देतं. आणि आर्यभटाच्या काळी दुर्बीण नव्हती.

अर्ध्या फेरीत हे उच्च आकाशाच्या समोरच्या बाजूला पोहोचतं. म्हणूनच चंद्र आज ज्या नक्षत्रात सर्वांत लांब जातो, त्याच नक्षत्रात साधारण साडेचार वर्षांनी तो आपल्या सर्वांत जवळ असेल.