स्थळाची चौकशी आणि ह्यूस्टनचं कोर्ट

(दृश्य : पहाट. सांगलीतलं स्वयंपाकघर. ओट्यावरच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल. व्हिडिओ कॉल चालू आहे.)

आपल्याकडे स्थळाची चौकशी कशी होते हे कुणाला सांगायला नको. मुलाच्या ऑफिसात कुणीतरी ओळखीचा निघतो. मामांचे साडू नेमके त्याच गावचे असतात. दोन दिवसांत मुलगा कसा, घरचे कसे, शेत कुणाच्या नावावर, सगळं कानावर येतं. पण मुलगा ह्यूस्टनला असला की ही साखळी तुटते. मग एखादी आई तिकडे असलेल्या बहिणीच्या मुलाला पहाटे फोन लावते आणि आवाज खाली करून विचारते, "अरे, पोलिसात, कोर्टात काही भानगड नाही ना, हे तिकडे बघता येतं का?"

येतं, मावशी. आणि कशाला बघताय, असंही सहसा कुणी विचारत नाही.

आपल्याकडे चारित्र्य पडताळणीचा दाखला ज्याचा त्याने पोलिसांकडून काढायचा असतो. अमेरिकेत फौजदारी खटल्याचे कागद मुळात जनतेचे मानले जातात. काही अपवाद सोडले तर कुणीही कुणाच्याही खटल्याचा कागद मागू शकतो. खिडकीत ठरावीक पैसे भरायचे आणि नक्कल घ्यायची.

(दृश्य : ह्यूस्टन. कोर्टाबाहेरची सुरक्षा रांग. ट्रेमध्ये पट्टे, किल्ल्या, फोन.)

ज्याला तिथे फेलनी म्हणतात तो गंभीर गुन्हा. ढोबळ मानाने एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकते असा. ह्यूस्टन ज्या राज्यात आहे त्या टेक्सासमध्ये त्याच्या पायऱ्या आहेत. सगळ्यात खालच्या पायरीला 180 दिवसांपासून 2 वर्षांपर्यंत, पहिल्या श्रेणीला 5 ते 99 वर्षं किंवा जन्मठेप. त्याहून वर मृत्युदंडाचे गुन्हे.

देशभरातल्या सगळ्या गुन्ह्यांची एकच वही कुठेतरी असेल, असं आपल्याला वाटतं. तशी वही एफबीआयकडे आहे, पण सामान्य माणसाला त्यातलं फक्त स्वतःचं पान मिळतं, 18 डॉलर भरून. दुसऱ्याचं नाही. पत्रकारांनी एका माणसाची एफबीआयकडची नोंद मागितली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1989 मध्ये न्यायालयाने नकार दिला. गावोगावच्या कोर्टात विखुरलेले कागद ही एक गोष्ट, आणि माणसाचं सगळं आयुष्य एका जागी गोळा करून ठेवलेली यादी ही दुसरी, असं न्यायालयाने म्हटलं. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. कागद उघडा आहे, पण त्यासाठी कुणीतरी त्या कोर्टापर्यंत गेलं पाहिजे.

राज्याची पायरी मधली. टेक्सासच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून नावावरून शोध घेता येतो. शिक्षा झालेली प्रकरणं तिथे दिसतात. पण ही माहिती खालून, काउंट्यांकडून वर येते. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग. टेक्सासमध्ये काउंट्या आहेत 254. एखादीने निकाल कळवायला उशीर केला की वरची नोंद अर्धवट राहते. म्हणून खरा कागद काउंटीतच बघायचा.

(दृश्य : खिडकी. काचेपलीकडे संगणक. प्रिंटरमधून येणारी पानं.)

ह्यूस्टनची काउंटी म्हणजे हॅरिस. फेलनीचे खटले डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतात आणि त्यांची कागदपत्रं डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असतात. हा क्लार्क म्हणजे कारकून नव्हे. चार वर्षांसाठी लोकांनी निवडून दिलेला अधिकारी असतो तो. त्याच्या कार्यालयात नाव आणि जन्मतारीख सांगायची. खटला असेल तर त्याचा क्रमांक मिळतो. तो लिहून घ्या. पुढे सगळं त्या क्रमांकावर चालतं.

क्रमांक दिला की आरोपपत्र निघतं. टेक्सासमधलं फेलनीचं आरोपपत्र सहसा ग्रँड ज्युरीकडून येतं. 12 नागरिक बसतात, त्यातले किमान 9 हो म्हणाले तरच खटला उभा राहतो. हे आरोपपत्र राज्याच्या नावाने सुरू होतं आणि त्याचा शेवट कसा व्हावा हे राज्यघटनेतच लिहून ठेवलंय : राज्याच्या शांततेविरुद्ध आणि प्रतिष्ठेविरुद्ध. हे शब्द वाचताना छातीत धस्स होतं. माणूस गुन्हेगारच आहे असं वाटायला लागतं. पण हा नुसता आरोप आहे. इथे थांबू नका, पानं उलटत शेवटपर्यंत जा.

(दृश्य : निकालपत्राच्या शेवटच्या पानावर कॅमेरा स्थिर.)

शिक्षा झाली असेल तर निकालपत्र असतं. त्यात कलम, श्रेणी, तारीख, शिक्षा, न्यायाधीशांची सही. आणि खाली शाईचा एक ठसा. आरोपीच्या उजव्या अंगठ्याचा. टेक्सासचा कायदाच सांगतो की ठसा नीट, रेषा दिसतील असा उमटला पाहिजे. खरेदीखतावरचा आजोबांचा अंगठा पाहिलेल्या माणसाला हे पान परकं वाटत नाही. नावाचा भरवसा नाही, अंगठ्याचा आहे, हे दोन्हीकडच्या लोकांना फार आधीच कळलेलं.

नावाचा भरवसा नाही, हे मराठी माणसाच्या बाबतीत तर जास्तच खरं. वाघ कुणी डब्ल्यूने लिहितो, कुणी व्हीने. मधलं वडिलांचं नाव एका कागदावर असतं, दुसऱ्यावर गळून जातं. कधी आडनाव आधी, नाव नंतर. अमित पाटील किंवा राहुल जोशी एवढंच टाकून शोधलं तर भलताच माणूस हाती लागेल, किंवा हवा तो निसटेल. म्हणून सगळी स्पेलिंगं घालून बघायची आणि जन्मतारीख जुळल्याशिवाय घरी फोन करायचा नाही. कुणाच्या तरी मुलाचं लग्न मोडतं यात.

आता टेक्सासमधली एक वाट, जिथे शिकलेली माणसंही चुकतात. आरोपी गुन्हा कबूल करतो किंवा आरोप लढवत नाही, पण न्यायाधीश त्याला दोषी ठरवण्याचं पुढे ढकलतात आणि काही काळ देखरेखीखाली ठेवतात. अटी पाळल्या, मुदत सरली, की खटला काढून टाकला जातो. याला डिफर्ड अॅडज्युडिकेशन म्हणतात. अशा माणसाला त्या प्रकरणात दोषी ठरवलेलं नसतं. पण नोंद झाकण्याचा वेगळा आदेश घेतला नसेल तर कागद तसाच दिसत राहतो, राज्याच्या संकेतस्थळावरसुद्धा. मुदत कधी संपली, खटला कसा निकाली निघाला, ती ओळ सापडेपर्यंत वाचत राहायचं.

इतर राज्यांत रीत वेगळी. न्यू जर्सीच्या कायद्यात फेलनी हा शब्दच नाही, तिथे इन्डायटेबल क्राइम म्हणतात. न्यूयॉर्कचं न्यायालय प्रशासन 95 डॉलर घेऊन 62 काउंट्यांत एकदम शोधून देतं. कॅलिफोर्नियात राज्याकडून दुसऱ्याची नोंद मिळतच नाही, काउंटीच्या कोर्टात जावं लागतं. शिवाय कोर्टाच्या ऑनलाइन सूचीत जन्मतारखेवरून शोध घेऊ देऊ नये, असा निकाल तिथे 2021 मध्ये झाला. केंद्र सरकारने भरलेले खटले यातल्या कुठल्याच खिडकीत सापडत नाहीत. त्यांच्यासाठी पेसर, म्हणजे केंद्रीय न्यायालयांचे कागद दाखवणारं संकेतस्थळ, पानाला 10 सेंट. तिमाहीचं बिल 30 डॉलरपर्यंत राहिलं तर तेही माफ.

क्षणात सगळं सांगतो म्हणणाऱ्या खासगी साइट्सवर मी कुणाचं भवितव्य ठरवणार नाही. तिथे निकालाची ओळ राहून गेलेली असते, एकाच नावाची दोन माणसं एक झालेली असतात. आणि प्रश्न लग्नाचा नसून नोकरीचा असेल, तर 1970 चा केंद्रीय कायदा आहे. पूर्वचौकशी करणाऱ्या एजन्सीकडून अहवाल मागवण्याआधी मालकाने उमेदवाराची लेखी परवानगी घ्यावी लागते.

काही कागद तर कोर्टानेच पुसलेले असतात. टेक्सासमध्ये तसा आदेश झाला की अशी अटक झालीच नव्हती, असं म्हणण्याचा त्या माणसाला कायद्याने हक्क मिळतो. खिडकीत विचारलंत तर नोंद नाही, एवढंच उत्तर येईल. त्याच्यामागे जाऊ नये. कायद्याने ज्याला दार बंद करून दिलं, ते आपण का वाजवायचं?

(दृश्य : पुन्हा तेच स्वयंपाकघर. दुसरी पहाट. गॅसवर चहा.)

"मावशी, हॅरिस काउंटीत या नावाचा, या जन्मतारखेचा एकही खटला सापडला नाही."

"म्हणजे काहीच नाही ना रे?"

"हॅरिसमध्ये नाही. पण तो इथे येऊन दोनच वर्षं झालीत. त्याआधी कुठे होता?"

"डॅलसला, असं त्याची आई म्हणाली होती."

"मग ती काउंटी वेगळी, क्लार्क वेगळा. किती साली तिथे गेला, तेवढं विचारून ठेव."

मावशी गॅस बारीक करते आणि फ्रिजवरच्या कॅलेंडरला अडकवलेलं पेन काढते.