सीआरपी वाढला म्हणजे झटका मोठा?

पक्षाघाताच्या पेशंटचे नातेवाईक हल्ली रक्ताचा रिपोर्ट आधी मोबाईलवर बघतात आणि मग डॉक्टरांना गाठतात. ठळक अक्षरात छापलेला आकडा दिसला की काळजाचा ठोका चुकतो. ‘सीआरपी चाळीस आलाय डॉक्टर, म्हणजे झटका मोठा आहे का?’ सीआरपी म्हणजे शरीरात कुठे सूज किंवा जंतुसंसर्ग असला की रक्तात वाढणारं एक प्रथिन. प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर जरा बैजवार देतो.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढच्या भागाला मिळणारा प्राणवायू तुटतो. मोठी वाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी 2006 साली मांडला. मेलेल्या पेशींमधला मालमसाला बाहेर सांडतो, मेंदूतल्या संरक्षक पेशी खवळतात आणि इंटरल्यूकिन-6 सारखी रसायनं रक्तात सोडतात. ती यकृतापर्यंत पोचली की यकृत सीआरपी बनवायला घेतं. म्हणजे दुखणं मेंदूत, आणि आपण मोजतो ते यकृताचं उत्तर. मेंदूचा जेवढा मोठा भाग गेला तेवढी ही हाकाटी मोठी. म्हणून शेकडो पेशंट एकत्र पाहिले तर जबर झटक्यात सीआरपी सरासरीने जास्त सापडतो, आणि अशांची पुढची वाटचालही अवघड असते. सरासरी मात्र कॉटवरच्या एका माणसाला जशीच्या तशी लागू होत नाही.

यात वेळेचं गणित फार महत्त्वाचं आहे. सीआरपी वाढायला सहाएक तास तरी लागतात आणि तो शिखराला पोचतो साधारण दोन दिवसांनी. आता समजा, तोंड वाकडं झाल्यापासून दोन तासांत पेशंट आला आणि त्याचा सीआरपी चाळीस निघाला. हा आकडा या झटक्याचा असूच शकत नाही! तो आधीपासून चढलेला आहे. मग शोधायचं: लघवीत जंतुसंसर्ग आहे का, मधुमेहाची पायाची जखम चिघळली आहे का, संधिवात आहे का. ताप असेल आणि हृदयाच्या झडपेचा जुना आजार असेल, तर झडपेवरच्या जंतुसंसर्गाचा तुकडा सुटून मेंदूत गेला असेल का, हा विचार झालाच पाहिजे. कारण अशा पेशंटला गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन दिलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका मोठा असतो.

दुसरी खूण साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत असते, जी तालुक्याच्या लॅबमध्येही होते. पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल 82 टक्के आणि लिम्फोसाइट 11 टक्के आले, तर पहिल्याला दुसऱ्याने भागून येणारा भागाकार होतो जवळजवळ साडेसात. निरोगी माणसात तो बहुधा एक ते तीनच्या दरम्यान असतो. मोठ्या झटक्यात शरीरातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक उसळतं, त्याने न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात, तेही काही तासांत. पण पेशंट वाटेत कुठे डेक्साचं, म्हणजे स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन आला असेल तरी हेच चित्र दिसतं. म्हणून आधी काय काय दिलं, हे विचारल्याशिवाय त्या भागाकाराला अर्थ नाही.

झटका किती मोठा, हे आजही पेशंटच्या कॉटजवळच ठरतं. चालू महिना कोणता आणि वय किती, हे विचारायचं. हात वर धरायला लावून दहा अंक मोजायचे, पाय उचलून पाच. हात खाली येतो का, बोलणं समजतं का, नजर एकीकडे खेचली जाते का, यावर शून्य ते 42 गुण दिले जातात. सोबत सीटी स्कॅन. साडेचार तासांच्या आत आलेल्या पेशंटचं गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सीआरपीच्या रिपोर्टसाठी अडवून ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

सूज आणि झटका यांचं नातं आहे, तर सूज दाबावी, हेही करून झालं. पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरू न देणारं एनलिमोमॅब नावाचं औषध झटक्यानंतर लगेच देऊन पाहिलं. 2001 साली निकाल आला: औषध घेतलेल्यांची अवस्था जास्त बिघडली, मृत्यूही जास्त झाले. कोल्चिसिन या सूज कमी करणाऱ्या औषधाच्या 2024 मधल्या कॉन्व्हिन्स चाचणीत सीआरपी खाली आला, पण पुढचे झटके खात्रीने कमी झाले असं म्हणण्याइतका फरक दिसला नाही.

या तपासण्या मला खऱ्या उपयोगी पडतात त्या तिसऱ्या दिवशी. झटक्यात गिळण्याची क्रिया बिघडते. घरचे मायेपोटी चमच्याने पाणी पाजतात, चहा देतात, आणि तो घोट छातीत उतरतो. पेशंट ठसकेलच असंही नाही. त्यात झटक्यानंतर प्रतिकारशक्तीही काही दिवस मंदावते, आणि न्यूमोनियाला आयती वाट मिळते. सगळ्यांना आधीच अँटिबायोटिक देऊन ठेवण्याचे दोन मोठे प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाले; पेशंट त्याने जास्त बरे झाले नाहीत. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही द्यायचं नाही. तिसऱ्या दिवशीचा सीआरपी मी पहिल्या दिवसाच्या आकड्याशेजारी ठेवून बघतो. तो चढत चालला असेल, तर स्टेथोस्कोप आधी उजव्या फुप्फुसाच्या तळाशी लावतो आणि छातीचा एक्स-रे काढायला सांगतो.