स्टेट स्ट्रीटवरची लायब्ररी आणि चान्स द रॅपर

नमस्कार मंडळी. लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, नसलेला रॅपर म्हटलं की डोळ्यासमोर लगेच एक चित्र येतं, पोरगा एकटा, खोलीत लॅपटॉप, सगळ्या जगाशी भांडण आणि मग एक दिवस व्हायरल. चान्स द रॅपरबद्दल पण हीच स्टोरी फिरते, लेबलला नाही म्हणाला आणि तीन ग्रॅमी घेऊन आला. ग्रॅमी खरे आहेत, नाही म्हणाला तेही खरं. पण या स्टोरीत एक भाग नेहमी गाळला जातो आणि मला आज नेमकं तेच बोलायचंय. लेबल आर्टिस्टला स्टुडिओ देतं, शिकवणारी माणसं देतं, ऐकणारे मिळवून देतं आणि या सगळ्याला पैसा लागतो. लेबल नको असेल तर हा खर्च दुसरं कुणीतरी करतंय एवढं नक्की. चान्सच्या बाबतीत सुरुवातीचा बराचसा खर्च शहराच्या सार्वजनिक लायब्ररीने केला, बास, एवढंच माझं म्हणणं.

आता सुरुवातीपासून घेऊ. नाव चान्सलर बेनेट, जन्म १६ एप्रिल १९९३, शिकागोच्या साउथ साइडमधला वेस्ट चॅटहॅम भाग. साउथ साइड म्हटलं की लोकांना फक्त गोळीबाराच्या बातम्या आठवतात, पण चॅटहॅम ही कृष्णवर्णीय मध्यमवर्गाची जुनी वस्ती, नोकरदार घरं, चर्च, स्वतःचं घर असलेली माणसं. वडील राजकारणातल्या लोकांबरोबर काम करणारे, आधी शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांच्याकडे आणि पुढे ओबामांकडे. म्हणजे घरात बोलणं, भाषण, माणसं जोडणं हे सगळं रोजचं, आणि मुलाने नीट शिकावं ही अपेक्षा पण होतीच. मुलगा कान्ये वेस्टचा २००४ चा पहिला अल्बम ऐकून वेडा झालेला, आपल्याच शहरातला माणूस आणि गँगस्टर नसताना रॅप करतोय, हे त्या वयात केवढं मोठं वाटलं असेल बघा.

शाळा होती जोन्स कॉलेज प्रेप, चांगल्या नावाची, निवडून प्रवेश देणारी. २०११ च्या वसंतात, शाळेचं शेवटचं वर्ष चालू असताना, गांजासकट सापडला आणि दहा दिवस सस्पेंड झाला. त्या दहा दिवसांत गाणी लिहायला बसला आणि त्यातून पहिला मिक्सटेप, म्हणजे सहसा फुकट वाटला जाणारा अल्बम, तयार झाला म्हणून त्याचं नाव '१० डे'. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि सांगायला पण मस्त आहे, पण टेप बाहेर आला एप्रिल २०१२ मध्ये. म्हणजे दहा दिवसांनंतर जवळपास एक वर्ष गेलं, आणि त्या वर्षात तो कुठे होता हे कुणी विचारतच नाही.

तर तो होता हॅरॉल्ड वॉशिंग्टन लायब्ररीत. जोन्स शाळा स्टेट स्ट्रीटवर, लायब्ररी पण स्टेट स्ट्रीटवर, शाळा सुटल्यावर चालत काही मिनिटं. ज्या महापौरांकडे वडिलांनी काम केलं त्यांचंच नाव १९९१ मध्ये उघडलेल्या त्या बिल्डिंगला, योगायोग म्हणा हवं तर. तिथे २००९ मध्ये युमीडिया नावाची जागा सुरू झाली, फक्त हायस्कूलच्या वयाच्या मुलांसाठी, त्यात मॅकआर्थर फाउंडेशनचे पैसे होते. लायब्ररीचं कार्ड दाखवायचं आणि लॅपटॉप, कॅमेरा, कीबोर्ड घ्यायचा, आत छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ पण होता, सगळं फुकट. '१० डे'वरचं काही काम तिथे झालं. आणि मशीनपेक्षा महत्त्वाचं म्हणजे तिथे मेंटॉर पगारावर ठेवलेले होते, कवी, संगीतकार अशी खरी काम करणारी माणसं. त्यातले माइक हॉकिन्स, पोरं त्यांना ब्रदर माइक म्हणायची, त्यांनी चान्ससारख्या कितीतरी मुलांना उभं केलं, २०१४ च्या डिसेंबरमध्ये ते गेले.

आणि ओपन माइक. युमीडियात असायचा, शिवाय यंग शिकागो ऑथर्स ही मुलांना कविता शिकवणारी संस्था आहे तिच्याकडे पण दर आठवड्याला असायचा. तुमच्यापैकी कुणी ओपन माइकला उभं राहिलं असेल तर माहीतच आहे काय होतं, यादीत नाव लिहायचं, आपला नंबर येईपर्यंत पोटात गोळा, मग दोनचार मिनिटं, समोर आपल्याच वयाची पोरं, आणि त्यांना बोअर झालं की ती फोन काढतात, इतकं सोपं आणि इतकं क्रूर. तिथे आवाज सुरात आणणारं ऑटोट्यून नाही, दुसरा टेक नाही. चान्सचं रॅप ऐका, मध्येच गातो, मध्येच बोलतो, एका ओळीत पाच यमकं कोंबतो आणि मग तो चिरका ओरडा, त्याची सहीच झालीय ती. मला स्वतःला वाटतं ही स्टाइल स्टुडिओत नाही होत, खुर्चीत बसलेल्या पोरांचं लक्ष ओळीओळीला धरून ठेवायची सवय आहे ती. याच शहरात याच काळात नोनेम, सबा, मिक जेनकिन्स हे रॅपर पण याच ओपन माइकांमधून वर आले, तेव्हा हे एका पोराचं नशीब नव्हतं.

२०१२ मध्येच चाइल्डिश गॅम्बिनो या रॅपरने चान्सला टूरवर ओपनिंगला घेतलं. मग ३० एप्रिल २०१३ ला 'अ‍ॅसिड रॅप' आला, डॅटपिफसारख्या साइटवर, फुकट डाउनलोड. वरवर ऐकलं तर रंगीत, मस्तीतला टेप, पण २०११ मध्ये त्याच्या मित्राचा त्याच्यासमोर चाकूहल्ल्यात जीव गेला होता आणि ती भीती आत सगळीकडे आहे, उन्हाळा आला की आपल्या वस्तीत माणसं मरतात हे तो अगदी हळू आवाजात सांगतो. टेप इतका चालला की कुणीतरी तिसऱ्यानेच तो आयट्यून्स आणि अ‍ॅमेझॉनवर विकायला ठेवला, आर्टिस्टला न विचारता, आणि लोकांनी फुकट मिळणारी गोष्ट विकत घेतली, इतकी की ती बिलबोर्ड या अमेरिकन म्युझिक मॅगझिनच्या आर अँड बी हिपहॉप चार्टवर ६३ नंबरला गेली. चार्टवर नाव तुमचं आणि पैसे चोराचे, यावर हसावं की रडावं.

आता लेबलं रांगेत उभी होती आणि हा नाही म्हणाला. का, ते आकड्यात बघू, कारण नुसतं स्वाभिमान वगैरे बोलून काही कळत नाही. समजा लेबलने तुम्हाला एक लाख डॉलर अ‍ॅडव्हान्स दिला आणि तुमची रॉयल्टी १५ टक्के. लोकांना वाटतं एक लाखाची विक्री झाली की हिशोब मिटला. तसं नसतं, अ‍ॅडव्हान्स फिटतो तो फक्त तुमच्या १५ टक्क्यांतून, म्हणजे साधारण पावणेसात लाखांची कमाई होईपर्यंत तुमच्या हातात पुढचा एक डॉलर पण येत नाही. व्हिडिओचा, रेकॉर्डिंगचा खर्च बऱ्याचदा त्यातच धरला जातो. आणि सगळं फिटल्यावरही मास्टर, म्हणजे गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग, बहुतेक वेळा लेबलच्याच मालकीचं राहतं. चान्सने उलटं केलं, गाणी फुकट, मास्टर स्वतःकडे, आणि कमाई शोमधून, टूरमधून, टोप्या टीशर्टमधून. ती ३ आकडा लिहिलेली टोपी तिसऱ्या मिक्सटेपसाठी आली आणि त्याच्या चेहऱ्याइतकीच ओळखीची झाली. फुकट गाणं म्हणजे तिकिटाची जाहिरात, एवढा साधा धंदा आहे हा.

तिसरा टेप, 'कलरिंग बुक', १३ मे २०१६. सीडी नाही, विक्री नाही, फक्त स्ट्रीमिंग. पहिल्या आठवड्यात ५ कोटी ७३ लाख स्ट्रीम. तेव्हाच्या नियमाने १५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम विकला असं धरायचे, भागाकार केला की येतात साधारण ३८ हजार, आणि तेवढ्यावर तो बिलबोर्ड २०० मध्ये आठव्या नंबरवर आला, नुसत्या स्ट्रीमिंगवर या यादीत आलेला पहिला अल्बम. ग्रॅमीवाल्यांनी त्याच वर्षी जूनमध्ये नियम बदलून फक्त स्ट्रीमिंगवर असलेल्या रेकॉर्डिंगना पण परवानगी दिली, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सात नॉमिनेशन, तीन ग्रॅमी.

इथे मला मात्र जरा खटकतं. पहिले दोन आठवडे तो टेप फक्त अ‍ॅपल म्युझिकवर होता. लोक विचारायला लागले की मग तू कसला स्वतंत्र, तेव्हा मार्च २०१७ मध्ये त्याने स्वतःच सांगितलं की त्यासाठी अ‍ॅपलने पाच लाख डॉलर आणि एक जाहिरात दिली. मास्टर त्याच्याकडेच राहिले, दोन आठवड्यांनी टेप बाकी ठिकाणी गेला, व्यवहार म्हणून उत्तमच, मी त्याच्या जागी असतो तर मी पण घेतले असते. पण जगातल्या सर्वात श्रीमंत कंपन्यांपैकी एक तुमच्या मागे उभी असताना एकट्याने केलं असं म्हणणाऱ्या फॅन्सनी जरा दमाने घ्यावं. आणि लेबल नसलं तरी कागद लागतातच, २०२० मध्ये त्याच्या जुन्या मॅनेजरने कोर्टात दावा टाकला, म्हणणं असं की निव्वळ नफ्याचे १५ टक्के द्यायचं तोंडी ठरलं होतं, मग चान्सनेही उलटा दावा केला. तोंडी, बघा. इतका मोठा आर्टिस्ट आणि मुख्य करार कागदावर नाही.

एक चिठ्ठी आलीय, सँपलचं, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यातून उचललेल्या तुकड्याचं काय, फुकट टेपमध्ये वापरलं तर चालतं का. चालतं असं नाही, फुकट असलं तरी हक्क मूळ मालकाचाच असतो, पण कमाई नसलेल्या टेपच्या मागे बरेचदा कुणी लागत नाही एवढंच. 'अ‍ॅसिड रॅप' जून २०१९ मध्ये रीतसर स्ट्रीमिंगवर आला तेव्हा 'ज्यूस' या गाण्यातलं सँपल वापरायची परवानगी मिळाली नाही. तेच गाणं ज्याने तो खरा गाजला होता. मग त्या जागी त्याने ३० सेकंदांचा मेसेज टाकला, गाणं का नाही ते सांगणारा, आणि त्या ट्रॅकच्या स्ट्रीमचे पैसे आपल्या सोशलवर्क्स संस्थेला जातील असं जाहीर केलं. तेव्हा जे घरी बीट बनवतात त्यांनी सँपल कुठून उचललं ते प्रोजेक्ट फाइलमध्ये त्याच दिवशी लिहून ठेवा, कुठलं गाणं, कुठलं रेकॉर्डिंग, कितव्या सेकंदापासून, कारण सहा वर्षांनी वकील हेच विचारणार आहे. बोला, अजून कुणाचं काही?