म्योडलारॉयट: एक ओढा, दोन राज्यं

मित्रहो, आज मी ज्या गावाबद्दल बोलणार आहे, त्याची वस्ती जेमतेम पन्नासेक माणसांची. म्योडलारॉयट हे त्याचं नाव. जर्मनीतल्या हॉफ शहराच्या उत्तरेला, शेतांच्या आणि टेकड्यांच्या मधे ते वसलंय. गावातून टान्नबाख नावाचा ओढा वाहतो, एका ढांगेत ओलांडता येईल एवढा. बर्लिनची भिंत आपल्या सगळ्यांना ठाऊक असते. पण सरहद्द म्हणजे नेमकं काय, हे कुणाला समजून घ्यायचं असेल तर मी त्याला आधी या ओढ्याकाठी जायला सांगेन. कारण इथली सरहद्द तब्बल एकशे चाळीस वर्षं जुनी झाली तोवर तिनं गावकऱ्यांची वाट अडवली नव्हती.

१८१० साली या ओढ्यालगत हद्दीचे दगड रोवले गेले. एका काठाला बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या काठाला रॉइस संस्थान. पहिल्या महायुद्धानंतर राजे गेले, संस्थानं गेली आणि १९२० मध्ये पलीकडचा काठ नव्या थुरिंगिया राज्यात आला. गावाला त्याचं काय? शाळा आणि गुत्ता थुरिंगियाच्या बाजूला, प्रार्थनेला जायचं ते बव्हेरियातल्या ट्योपेन गावी. एकाच कुटुंबाची नातीगोती दोन्ही काठांवर. कागदावर राज्यं दोन होती, नांदत होतं ते एकच गाव.

१९४५ नंतर मात्र याच रेषेला वेगळा अर्थ आला. थुरिंगिया सोव्हिएत ताब्यात गेला, बव्हेरिया अमेरिकेच्या. १९४९ मध्ये दोन जर्मनी झाले आणि ओढ्याच्या दोन काठांवर दोन देश उभे राहिले. तरी सुरुवातीला परवाना घेऊन ये-जा करता येत होती. खरा घाव बसला तो १९५२ मध्ये. पूर्व जर्मनीनं सरहद्दीलगत पाच किलोमीटरचा प्रतिबंधित पट्टा आखला, त्यातले शेवटचे पाचशे मीटर आणखी कडक पहाऱ्याचे. सरकारला ज्यांचा भरवसा वाटत नव्हता अशा कुटुंबांना सरहद्दीवरून सक्तीनं हलवलं गेलं. गावात माणसाच्या उंचीहून उंच लाकडी कुंपण आलं, मग काटेरी तारा आल्या आणि १९६६ मध्ये सुमारे सातशे मीटर लांबीची, तीन मीटरहून उंच काँक्रीटची भिंत. पूर्वेकडच्या लोकांना पलीकडे बघून हात हलवायलाही मनाई होती. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत क्रूर वाटते ती हीच गोष्ट. पळून जाणाऱ्याला अडवायचं म्हणून भिंत बांधली, असं सत्ताधारी म्हणू शकतात. पण शेजाऱ्याला हात करण्यावर बंदी घालण्यामागं कसली सुरक्षा होती?

अमेरिकी सैनिक या गावाला ‘लिटल बर्लिन’ म्हणत. पश्चिमेच्या बाजूनं भिंत बघायला लोक येत. फेब्रुवारी १९८३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुशही येऊन गेले. पूर्वेच्या बाजूला मात्र परवान्याशिवाय सख्ख्या नातेवाइकालाही पाऊल टाकता येत नसे.

बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ ला उघडली. इथं बरोबर महिनाभरानं, ९ डिसेंबरला, पायी जाण्यापुरती वाट खुली झाली. १७ जून १९९० ला यंत्रं लावून भिंत पाडली गेली. सगळीच्या सगळी नाही. सुमारे शंभर मीटरचा तुकडा ठेवला. शिवाय टेहळणीचा मनोरा आणि तारांचं कुंपणही आज तिथल्या संग्रहालयाच्या मोकळ्या आवारात बघायला मिळतं. ज्यांनी तिच्या सावलीत आयुष्य काढलं त्यांना ती नजरेसमोर नको वाटली असेल, तर ते मी समजू शकतो. तरीही ती राखली हे योग्यच झालं, असं माझं ठाम मत आहे. दोन घरांच्या मधे तीन मीटरचं काँक्रीट म्हणजे काय, हे फोटोतून कळत नाही. तिथं उभं राहावं लागतं.

गाव आजही दोन राज्यांत आहे. पिनकोड वेगळे, गाड्यांच्या नंबरप्लेट वेगळ्या, दोन्ही काठांना महापौरही वेगवेगळे. एका काठावर ‘ग्र्यूस गॉट’ म्हणत नमस्कार करतात, दुसऱ्या काठावर ‘गुटेन टाग’. आणि १८१० मध्ये आखलेली ती हद्द आता पुन्हा, पूर्वीसारखीच, फक्त सरकारी कारभारापुरती उरली आहे.