7,200 घरं

(पडदा काळा. फक्त आवाज: पितळेच्या भांड्यात काहीतरी घरंगळतंय.)

हा आवाज दोऱ्याच्या गुंड्याचा. मावशी विणायला बसली की गुंडा तांब्यात ठेवते. खाली ठेवला तर पलंगाखाली पळतो आणि धूळ घेऊन येतो. पांढऱ्या दोऱ्याला एकदा धूळ लागली की तोरणात ती रेघ दिसतेच. तांब्यात ठेवला की गुंडा जागच्या जागी नाचत राहतो. माझ्या लहानपणी दुपारी वाईच्या त्या घरात दोनच आवाज असायचे, भिंतीवरच्या घड्याळाचा आणि या तांब्याचा.

(खिडकी. सकाळचा उजेड. हात.)

हे मावशीचे हात. डाव्या हाताच्या करंगळीला दोऱ्याचा एक वेढा आहे, तिथून दोरा तर्जनीवर येतो. दोरा किती सैल, किती ताठ, हे ती करंगळी ठरवते. उजव्या हातात पोलादी सुई. लोकर विणायच्या सुया दोन असतात, ही एकच, आणि टोकाला आकडा. बाजारात तिला क्रोशाची सुई म्हणतात. मावशी नुसतंच 'आकडा' म्हणते. "आकडा कुठे ठेवलास?" असं तिने विचारलं की घरातलं प्रत्येक माणूस आधी आपण बसलोय ती जागा चाचपतं.

तिच्या पुतणीचं लग्न ठरलंय. तुळशीचं लग्न झालं की महिन्याभरात. रुखवतात काकूच्या हातचं तोरण हवं, असं पुतणीने फोनवर सांगितलं, आणि श्रावणातल्या एका सकाळी मावशीने ट्रंक उघडली.

(ट्रंक. डांबराच्या गोळ्या. एकेक वस्तू बाहेर येते.)

हा ताटावरचा रुमाल. ही उशीच्या अभ्र्याची लेस, अभ्रे फाटले, लेस काढून ठेवलीय. हे रेडिओचं कव्हर, रेडिओ कधीच गेला. हे बाळाचं टोपडं. चार पोरांच्या डोक्यावर बसलंय, त्यांतला एक मी. आणि ही माझी सगळ्यात आवडती वस्तू: दुधाच्या भांड्यावर टाकायची जाळी. कडेला काचेचे मणी ओवलेत, ते नुसते शोभेचे नाहीत. त्यांच्या वजनाने जाळी भांड्यावर बसते, वाऱ्याने उडत नाही. वारा आत जातो, माशी जात नाही.

आणि तळाशी ही वही. चौकटीची, गणिताची. पानापानांवर पेन्सिलीने काळे केलेले चौकोन. मोर, कळस, पोपटांची जोडी, आणि एका पानावर 'सुस्वागतम्'.

(वहीचं पान, जवळून.)

या कामाची सगळी गंमत या चौकोनांत आहे, म्हणून इथे जरा थांबू. वहीतला एक चौकोन म्हणजे विणीतलं एक घर. कोरा चौकोन म्हणजे पोकळ घर: एक खांब, म्हणजे उभा टाका, आणि दोन साखळ्या, म्हणजे एकात एक ओवलेले नुसते फास. काळा चौकोन म्हणजे भरीव घर: साखळ्यांच्या जागीही खांबच, म्हणजे तीन खांब लागून. बस, एवढंच. पोकळ आणि भरीव, या दोनच घरांतून मोराचा पिसारा होतो आणि अक्षरंही होतात.

तोरण उंचीला 40 घरं. मावशी बोटावर हिशेब करते: तीन चोक बारा, म्हणजे 120, आणि वर 5. एकूण 125 साखळ्या. हे वरचे 5 कशाला? त्यांतल्या 3 साखळ्या उभ्या राहून पहिला खांब होतात आणि 2 त्याच्या माथ्यावर आडव्या पडतात. म्हणून खरा पहिला खांब सुईपासून आठव्या साखळीत. सातवीत घातला तर पहिलंच घर तिरकं बसतं, आणि मग अख्खं तोरण त्या एका घराची री ओढतं.

(साखळी वाढते आहे. ओठ हलताहेत, आवाज नाही.)

ती मोजते आहे. या वेळी तिच्याशी बोलायचं नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आम्ही कॅमेरा घेऊन तीन फुटांवर बसलो होतो, श्वाससुद्धा बेताने घेत होतो.

बघणाऱ्याला वाटतं की तोरण दाराच्या रुंदीला लांबलचक ओळी घालत विणत असतील. तसं नाही. ते उभं विणतात, आखूड ओळींनी, एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे. कारण दार किती रुंद निघेल याचा भरवसा नसतो. आखूड ओळींचं तोरण वाढवता येतं, हवं तिथे थांबवता येतं. या तोरणाला 180 ओळी. 180 गुणिले 40, म्हणजे 7,200 घरं. प्रत्येक घराला तीन टाके, म्हणजे 21,600 टाके. हा गुणाकार मी केला. मावशीने तो कधी केला नव्हता. ऐकल्यावर म्हणाली, "असतील."

उभं विणायचं म्हणजे 'सुस्वागतम्' आडवं पडतं. मावशीला आडवी पडलेली अक्षरं वाचता येतात. शिरोरेघ इथे वर नसते, ती प्रत्येक ओळीत त्याच जागी येणारं एक भरीव घर असते. ओळ संपत आली की ती अंगठ्याने चाचपून बघते, शिरोरेघ आली का. डोळ्यांच्या आधी अंगठ्याला कळतं.

(ओळ 74. हात थांबतात.)

इथे बघा. हात थांबलेत. तिने काम उजेडाकडे धरलंय. नऊ ओळी खाली, 'ग'च्या पोटात, एक घर पोकळ राहिलंय. भरीव हवं होतं.

आम्हाला ते दिसलं नाही. कॅमेऱ्यालाही दिसलं नसतं, तिने बोट ठेवलं तेव्हा दिसलं. आम्ही म्हटलं, राहू दे मावशी, कोणाला कळणार आहे. तिने उत्तर दिलं नाही. आकडा काढून बाजूला ठेवला, दोऱ्याचं टोक धरलं आणि ओढलं.

(उसवण. आवाज तसाच राहू द्यावा. निवेदन नाही, वीस सेकंद.)

एका ओळीला तिला साधारण 20 मिनिटं लागतात. नऊ ओळी, तीन तास. उसवायला एक मिनिट पुरलं.

क्रोशा इतक्या सहज उसवतो त्याचं कारण त्याच्या घडणीतच आहे. लोकर विणताना अख्ख्या ओळीचे टाके सुईवर उघडे असतात, एक निसटला की शिडी पडते. क्रोशात तसं नाही. इथे प्रत्येक टाका पुरा करून, बंद करूनच पुढे जायचं. आकड्यावर राहतो तो एकच फास. तो एक सोडला की मागचं सगळं ओळीने सुटत येतं.

आणि याच घडणीमुळे आणखी एक गोष्ट झालीय, जी बहुतेकांना माहीत नसते. हातमोजे, स्वेटर, लेस, सगळं यंत्रावर गेलं. क्रोशा गेला नाही. प्रत्येक टाक्याला आकडा वेगळ्या जागी, वेगळ्या कोनातून आत शिरतो. तो कुठे शिरणार हे आधीचा टाका कसा बसला त्यावर ठरतं. बाजारासाठी असं काम काढणारं यंत्र आजही कारखान्यात चालत नाही. यंत्रावर होते ती क्रोशासारखी दिसणारी जाळी. तेव्हा दुकानात, जत्रेत, ऑनलाइन, कुठेही खरा क्रोशा दिसला, तर तो कुणीतरी मांडीवर घेऊन, एकेक टाका घालत विणलेला आहे. कुठल्या गावच्या, कुठल्या देशाच्या बाईने, ते चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. पण हात असतोच.

(नकाशा. मग जुनी चित्रं.)

ही कला आपल्याकडची मूळची नाही, आणि ते सांगण्यात कमीपणाही नाही. नावच फ्रेंच आहे, त्याचा अर्थ आकडा. 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजत गेलं, तेव्हा तिथल्या ननांनी आणि इतर बायकांनी गावोगाव क्रोशा शिकवला. त्या लेसच्या पैशावर कितीतरी घरांत चूल पेटली. त्याच शतकात मिशनरी बायकांनी तो गोदावरीच्या मुखाशी, आंध्रातल्या नरसापूरला नेला. आपलीच गोदावरी, त्र्यंबकेश्वराला उगम पावणारी. नरसापूरच्या क्रोशा लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी कितीतरी वर्षं मारिया मीस नावाच्या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथल्या बायकांबरोबर राहून 1982 मध्ये पुस्तक लिहिलं. दिवसाला सहा ते आठ तास विणणाऱ्या, परदेशी जाणारा माल तयार करणाऱ्या त्या बायकांची गणती 'गृहिणी' म्हणून होत होती आणि त्यांचं काम फावल्या वेळातलं समजलं जात होतं, हे त्यांनी त्यात दाखवलं.

महाराष्ट्रात तो मुलींच्या शाळांतून आणि शिवणवर्गांतून पसरला. मावशी शाळेत शिकली, शिवणाच्या तासाला. पहिला धडा साखळी, दुसरा मुका खांब, मग अर्धा खांब, मग खांब. मुका खांब सगळ्यात ठेंगणा, सगळ्यात घट्ट. कडा बांधायला तोच लागतो. दिसत नाही, पण तो नसला तर कड ढिली पडून लोंबते.

(गोल रुमाल, टेबलावर.)

मध्येच हा गोल रुमाल दाखवायलाच हवा. तोरणाचा कंटाळा आला की मावशी हा हातात घेते. मधल्या कड्यात 12 खांब. दुसऱ्या फेरीत 24, तिसऱ्या फेरीत 36. दर फेरीला 12 वाढवले तर रुमाल सपाट बसतो. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर येते. मावशीच्या हातून कधी झालर झाली की ती उसवते. 1997 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना तैमिना या गणितज्ञ बाईंनी तीच झालर मुद्दाम विणली, दर ओळीला ठराविक प्रमाणात टाके वाढवत. वर्गात कागदावर नीट दाखवता येत नाही अशी एक भूमिती, हायपरबोलिक भूमिती, त्यांनी आकड्याने विणून विद्यार्थ्यांच्या हातात दिली. हे मी मावशीला सांगितलं, मोबाइलवर चित्र दाखवलं. तिने चित्र मोठं करून बघितलं आणि म्हणाली, "टाके एकसारखे आहेत हो बाईंचे."

(स्वयंपाकघर. पातेलं. वाफ.)

शेवटची ओळ गौरी-गणपतीनंतर पडली. मग खालचे कंगोरे, त्यांना लाल मणी, ते 11 तास वेगळेच. आता खळ. मावशी साबुदाण्याची करते, पातळ, पारदर्शक होईपर्यंत शिजवून गाळलेली. गाठ राहिली तर घरात अडकते आणि वाळल्यावर डोळ्यात मोतीबिंदू पडावा तशी दिसते. तिचीच उपमा. तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं लग्नानंतर करायचंय.

(गादी. पांढरी चादर. टाचण्या.)

ओलं तोरण गादीवर ताणायचं. कोपरे आधी, मग मधले कंगोरे, मग उरलेले. टाचण्या नव्या लागतात, जुनीचा गंज पांढऱ्या दोऱ्यावर उतरतो. प्रत्येक कंगोऱ्याला एक टाचणी. इथे ती गुडघ्यावर बसलीय, या वयात, जवळजवळ तासभर. आम्ही मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "तुम्ही ओढाल." खरंय, आम्ही ओढलंच असतं.

वाळल्यावर टाचण्या काढल्या आणि तिने तोरण खिडकीत धरलं.

(तोरण, मागून उजेड. निवेदन नाही.)

(भिंतीवरचं कॅलेंडर.)

हे भिंतीवरचं कॅलेंडर. दुधाचा हिशेब ती त्यावर पेन्सिलीने लिहिते. पहिल्या दिवशी आम्ही विनंती केली, दुधाच्या शेजारी विणकामाची मिनिटंही लिही. तिला ते पटलं नव्हतं. "विणायचा कुणी हिशेब ठेवतं का रे?" तरी आमच्यासाठी लिहिलं. 20. 45. एकादशीला 90. कुठे पाहुणे आले म्हणून रिकामा चौकोन. सगळी बेरीज 71 तास. असंच एक तोरण तिने पूर्वी एका दुकानात दाखवलं होतं, तिथे 600 रुपये सांगितले. 180 चा दोरा वजा केला तर तासाला 6 रुपयेही पडत नाहीत. ते तोरण तिने परत आणलं.

(लग्नाचं कार्यालय. रुखवताचं टेबल.)

रुखवत. लाडू, चिरोटे, साखरेची भातुकली, सुपारीचे भटजी. आता बरंचसं भाड्याने येतं, लग्न झालं की खोक्यात भरून पुढच्या लग्नाला जातं. मधोमध ताणून लावलेलं हे मावशीचं. बायका वाकून बघताहेत. एका आजींनी कड उलटून मागची बाजू बघितली. जाणकार मागची बाजूच बघतो.

रुखवतातल्या वस्तूंवर चिठ्ठी असते, आणि रिवाजाप्रमाणे तिच्यावर नवरीचं नाव असतं, केलं कुणीही असो. वरच्या सगळ्या चिठ्ठ्या तशाच आहेत. ही बघा. पुतणीने स्वतःच्या अक्षरात लिहिलीय: 'काकूने विणलं. 71 तास.' आकडा तिला आम्ही सांगितला होता. लिहायला सांगितलं नव्हतं.

(मावशी चिठ्ठी वाचते. कॅमेरा तिच्यावरच राहू द्यावा.)

(वाई. खिडकी. तांब्याचा आवाज.)

लग्नानंतर आठ दिवसांनी उरलेलं चित्रीकरण करायला आम्ही परत गेलो. डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. कॅलेंडरचं पान उलटलेलं होतं. एक तारखेला 1 लिटर. दोन तारखेला 1 लिटर. तीन तारखेला 1 लिटर, आणि शेजारी, बारीक अक्षरात, 40.