शीत प्रदेशांतील बुरशी आणि तिच्या यजमान वनस्पती

श्रोतेहो, पाइनचे एखादे कोवळे मूळ मातीतून अलगद सोडवून, धुऊन भिंगाखाली धरले, तर आपण मूळच पाहत आहोत यावर प्रथम विश्वास बसत नाही. मुळाची टोके लांब आणि रोमयुक्त असावीत अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती आखूड, फुगीर आणि बेचकीसारखी दुभंगलेली दिसतात, आणि त्यांच्यावर कवकतंतूंचे, म्हणजे बुरशीच्या धाग्यांचे, दाट आवरण म्यानासारखे चढलेले असते. या आवरणातून निघालेले तंतू आतल्या बाजूस मुळाच्या बाहेरील पेशींच्या फटींमध्ये शिरतात, पेशींच्या आत मात्र जात नाहीत. बाहेरच्या बाजूस ते मातीत दूरवर पसरतात. म्हणजे पाइन, स्प्रूस, भूर्ज यांसारखे उत्तरेकडील वृक्ष मातीला बहुतांशी स्वतःच्या मुळांनी स्पर्शच करत नाहीत, तर बुरशीच्या मार्फत करतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी १८८५ मध्ये या जोड अवयवाला मायकोरायझा हे नाव दिले. त्यांच्याकडे काम आले होते ते ट्रफल या भूछत्राच्या लागवडीची शक्यता तपासण्याचे. ही बुरशी झाडाला पोसते हे त्यांचे म्हणणे त्या काळी अनेकांना पटले नाही.

थंडीत हे नाते इतके निर्णायक का ठरते, याचे उत्तर नत्रात आहे. शीत प्रदेशांत पानगळ कुजण्याचा वेग अतिशय मंद असल्यामुळे नत्र जमिनीत विपुल असूनही प्रथिनांच्या आणि जटिल सेंद्रिय संयुगांच्या रूपात अडकून पडलेले असते, आणि नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपात मुळांच्या हाती फारच थोडे लागते. हा साठा फोडण्याची विकरे (एन्झाइम) बुरशीकडे असतात; कर्बोदके मात्र झाडाकडे असतात, आणि दोघांत त्यांची देवाणघेवाण होते. हेदर आणि बिलबेरी या झुडपांच्या केसासारख्या बारीक मुळांत तर बुरशी पेशींच्या आत शिरून वेटोळी करते, आणि आम्लधर्मी, निकस जमिनीतही त्यांना तग धरता येतो.

झाड या सोयीसाठी केवढी किंमत मोजते, हे उत्तर स्वीडनमधील पाइनच्या जंगलात केलेल्या एका प्रयोगातून स्पष्ट झाले. पीटर हेगबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडांच्या खोडांभोवतीची साल कड्याच्या आकारात सोलली. त्यामुळे पाण्याचा वर जाणारा प्रवाह चालू राहिला, परंतु पानांतून मुळांकडे जाणारी शर्करा थांबली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार जमिनीतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये पाच दिवसांतच कमाल ३७ टक्क्यांची, आणि एक-दोन महिन्यांत सुमारे ५४ टक्क्यांची घट झाली. जमिनीचा निम्म्याहून अधिक श्वास त्याच दिवसांत पानांनी तयार केलेल्या शर्करेवर चालतो, ही बाब मला या विषयातील सर्वांत विलक्षण वाटते.

तथापि या व्यवहाराला परोपकार म्हणता येणार नाही. जंगलातील झाडे बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना पोसतात, असे अलीकडे फार आत्मविश्वासाने सांगितले जाते. प्रत्यक्ष जंगलातील पुरावा त्या मानाने तोकडा आहे. उलट टोरग्नी नेशोल्म आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडले, की नत्र फार दुर्मीळ असते तेव्हा बुरशी त्याचा मोठा भाग स्वतःकडेच ठेवते आणि झाडाची उपासमार वाढवू शकते. जमिनीत नत्र वाढले, की झाडाच्या वाट्याला अधिक येते. नाते तेच, पण कोणाजवळ काय शिल्लक आहे यावर त्याचे स्वरूप बदलते.

हीच गोष्ट बर्फाखाली अधिक कठोरपणे दिसते. दाट बर्फ हा मातीवरचा आच्छादक थर असतो. त्याखाली तापमान शून्य अंशाच्या आसपास स्थिर, हवा दमट आणि प्रकाश जवळजवळ नसतो. टायफ्युला इशिकारिएन्सिस ही बुरशी याच काळोखात वाढते. तिचे नाव जपानच्या होक्काइदो बेटावरील इशिकारी या प्रदेशावरून पडले आहे. तिच्यातील गोठणरोधक प्रथिने बर्फाच्या स्फटिकांची वाढ रोखतात, आणि इतर सूक्ष्मजीव मंदावलेले असल्यामुळे स्पर्धाही कमी असते. तिचे भक्ष्य म्हणजे शरद ऋतूत पेरलेला गहू आणि गवते. प्रकाश नसल्यामुळे ही रोपे नवे अन्न तयार करू शकत नाहीत आणि शरदात साठवलेल्या फ्रुक्टॅन या शर्करेवर जगतात. त्यामुळे माती न गोठता तिच्यावर जाड बर्फ महिनोन्महिने टिकला, तर रोपाचा साठा संपत जातो आणि बुरशी बळावते. फ्रुक्टॅन जपून वापरणारे वाण अधिक टिकतात. बर्फ लवकर वितळावा म्हणून होक्काइदोतील शेतकरी शेतावर काळसर भुकटीही पसरतात; गडद पृष्ठभाग ऊन शोषतो आणि बुरशीचे काही दिवस कमी होतात.

वसंतात बर्फ ओसरल्यावर अशा शेतात पाने मळकट, चिकटून बसलेली दिसतात. पान उचलून पाहिले तर त्यावर मोहरीहून लहान, काळे, कठीण दाणे चिकटलेले आढळतात. हे बुरशीचे जाडभिंतीचे पिंड, अर्थात स्क्लेरोशिया. संपूर्ण उन्हाळा ते मातीत निश्चल पडून राहतात, आणि शरदातील गारवा व ओलावा मिळाला की त्यांतून गदेच्या आकाराची इवली फळे वर येतात.