काळीचं बाळंतपण

(दृश्य: पूर्व भागातली गल्ली, सकाळ, यंत्रमागांचा आवाज)

सोलापूरचा पूर्व भाग. हा जो खडखडाट ऐकू येतोय तो इथं दिवसभर चालू असतो, गल्लीत उभं राहून बोलायचं तर आवाज चढवूनच बोलावं लागतं. ह्या एका शेडमधले माग तेवढे बंद आहेत, आणि काळीने नेमकी हीच जागा धरली. कुत्रीला व्यायला आडोसा लागतो, कोरडी जमीन लागते आणि माणसांची ये-जा कमी लागते. बंद मागाखाली तिला सगळंच मिळालं.

(दृश्य: मागाखाली काळी, पोटाशी पिल्लं)

मोजून बघा. एकावर एक पडलीयेत त्यामुळे पटकन कळत नाही. अकरा आहेत. आणि काळीला थानं दहा.

पिल्लं झाली ही बातमी गल्लीत पसरली तशी पोरं दुधाच्या पिशव्या, बिस्किटाचे पुडे घेऊन आली, मोठी माणसंपण आली, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, पिल्लांना काय द्यायचं? पिल्लांना काहीच द्यायचं नाही. आई जिवंत आहे, तिला दूध आहे, तर जे काय द्यायचं ते तिला द्या. हे आधी कुणाला समजलं असेल तर शेडवाल्या अक्कांना. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी, आणि त्या पहिल्या सकाळीच म्हणाल्या, "बाळंतीण आहे की ओ ती, तिला आधी जेवायला घाला, पिल्लं मग बघा."

(दृश्य: अक्का पातेलं घेऊन येतात)

पहिल्या दिवशी त्यांनी साजूक तुपातला शिरा केला, आपल्याकडे व्यायलेल्या कुत्रीला शिरा घालायची पद्धत आहेच. थोडा शिरा चालतो, पण अकरा पिल्लांचं दूध शिऱ्यावर होत नाही. म्हणून दुसऱ्या दिवसापासून हे पातेलं. कडक भाकरी चुरून कोंबडीच्या पाण्यात भिजवलेली, त्यात उकडलेली अंडी, कोंबडीच्या माना आणि पाय नीट शिजवून, हाडं काढून. मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण अजिबात नाही, तो कुत्र्यांना बाधतो. दिवसातून चार वेळा, आणि पाण्याची पाटी कायम तोंडाशी, कारण पिल्लं सोडून लांब जायला ती तयार नसते, पाणी लांब असलं तर तहानलेलीच बसते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूध सगळ्यात जास्त लागतं, तेव्हा तिचा खुराक नेहमीच्या तिप्पट होऊ शकतो. तरी ती वाळलेलीच दिसणार, फासळ्या बघा, हे सगळं दुधात जातंय.

(दृश्य: अंथरूण बदलताना)

सोलापुरात अंथरुणाला काय तोटा नाही, शेजारच्या कारखान्यातून डागी टॉवेलांचा गठ्ठाच आला. पण टॉवेल आम्ही अंगाखाली घातले नाहीत. हा क्लोजअप बघा, टॉवेलचे हे जे सुताचे बारीक फासे असतात ना त्यात पिल्लाची नखं अडकतात, पिल्लू ओढत राहतं आणि पाय अडकून तिथंच थंड पडतं. सुटा दोरा तर त्याहून वाईट, पायाला गुंडाळला की सूज येते. म्हणून खाली चादर, घट्ट विणीची, दोऱ्यांची टोकं कापून. टॉवेल फक्त पुसायला.

थंडीचं एवढं का, तर पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, त्याला नीट कुडकुडतापण येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या आजूबाजूला 30 अंशांच्या आसपास ऊब लागते आणि जानेवारीत रात्री इथला पारा 15 च्या आसपास येतो. आंधळं असतं, बहिरं असतं, ऊब जिकडे तिकडे सरकत जातं, एवढंच त्याला कळतं.

(दृश्य: किचनचा वजनकाटा, प्लास्टिकची वाटी, एकेक पिल्लू)

हा सीन मला सगळ्यात आवडतो. रोज सकाळी वजन. सगळ्यात मोठा नर 340 ग्रॅमचा, सगळ्यात बारकी 210. ओळखायला प्रत्येकाचे वेगवेगळ्या जागी थोडे केस कातरलेत, कुणाचे मानेवर, कुणाचे शेपटीपाशी, गळ्यात काय बांधायचं नाही म्हणून. वजन रोज वाढलंच पाहिजे आणि आठ-दहा दिवसांत दुप्पट व्हायला पाहिजे. एखाद्याचं अडलं की समजायचं त्याला थान मिळत नाहीये. आवाजावरून कळत नाही ओ, जो ओरडतो त्याच्यात अजून जोर आहे, जो गप्प बाजूला पडलाय त्याला आधी उचला.

मग आम्ही दोन गट केले. सहा आणि पाच. एक गट आईपाशी, दुसरा ह्या डाळिंबाच्या क्रेटमध्ये, चादरीवर, एका कडेला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. एकाच कडेला, म्हणजे गरम झालं तर पिल्लू दुसऱ्या बाजूला सरकू शकतं. दोन तासांनी अदलाबदल. बारक्यांना मागची थानं धरून द्यायची, तिकडे दूध जास्त असतं. काळी पहिल्यांदा गुरगुरली, मग क्रेट तिला दिसेल असा ठेवला, तर शांत झाली. तिची नजर बघा ह्या शॉटमध्ये, पिल्लू क्रेटमध्ये जाईपर्यंत मान वळतच राहते.

(दृश्य: बारकी, अक्कांच्या पदरात)

ही ती 210 ग्रॅमवाली. सकाळी पिल्लांच्या घोळक्याबाहेर सापडली, तोंडात बोट घातलं तर आतूनपण गार. अशा वेळी लगेच दूध पाजायचं नाही, गार पिल्लाला दूध पचत नाही, उलट छातीत जायची भीती. आधी ऊब, तीपण हळूहळू, अंगाशी धरून. अक्का तिला पदरात घेऊन तासाच्या वर बसल्या होत्या. मग हालचाल सुरू झाली आणि आईला लावली.

काळीकडेपण रोज बघायचं. हिरवट-काळपट स्राव पहिले काही दिवस येतो, ते ठीक, पण वास मारायला लागला किंवा ताप आला की डॉक्टर. प्रत्येक थान हाताने चाचपायचं, गरम, टणक, लाल लागलं की पूची सुरुवात. पिल्लांची नखं कातरायची, दूध पिताना ती पायाने दाबतात आणि आईचं पोट ओरबाडून निघतं.

(दृश्य: मोबाईलवरची क्लिप, रात्र)

ही छोटी क्लिप अक्कांच्या नातवाने काढलीये. काळी धापा टाकतेय, पाय ताठ, अंग थरथरतंय, पिल्लांना जवळ येऊ देत नाही. हे कॅल्शियम कमी पडल्याचं लक्षण आहे, व्यायल्यावर पहिल्या चार आठवड्यांत होऊ शकतं, पिल्लं जास्त असली की धोका वाढतो. सकाळपर्यंत थांबलात तर कुत्री जाते. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, अगदी सावकाश, छातीला स्टेथोस्कोप लावूनच. पिल्लं दिवसभर आईपासून लांब ठेवायची, तेवढ्यापुरतं वरचं दूध, ते कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळते त्या दूध-पावडरचं. गाईचं नाही, कुत्रीच्या दुधात त्याच्या दुपटीहून जास्त फॅट आणि प्रोटीन असतं. पाजताना पिल्लू पोटावर ठेवा, बाळासारखं उताणं कधीच नाही, आणि पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने खालून पुसा, त्याशिवाय त्याला शी-शू होत नाही, आई हेच चाटून करते.

(दृश्य: डोळे उघडलेली पिल्लं, शेडभर पळापळ)

दोन आठवड्यांच्या आसपास डोळे उघडले, जंताचं औषध तेव्हाच सुरू केलं, जंत आईकडूनच आलेले असतात. चौथ्या आठवड्यात पातळ केलेलं आईचंच जेवण.

अकरातली नऊ जगली, बारकी धरून. सहा घरी गेली, दोन महिन्यांची झाल्यावर, पहिली लस घेऊन. दूध आटल्यावर काळीचं नसबंदीचं ऑपरेशन झालं, कानाला खूण आहे, आणि 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे ती परत ह्याच गल्लीत आहे. तीन पिल्लं अजून शेडमध्येच आहेत, दोन माद्या, एक नर. रेबीजची लस पिल्लं तीन महिन्यांची झाली की. जेवण अजून अक्काच करतात, पातेलं तेच, आणि पहिली वाटी काळीची.